स्नॅपशॉटची डिस्क गेली, आता काय करायचं?

ॲरेच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या पेटीच्या) मॅनेजमेंट स्क्रीनवर स्नॅपशॉटपुढे, म्हणजे डेटाच्या एका क्षणाच्या चित्रापुढे, लाल फुली दिसली की पहिला हात जातो तो डिस्क उपसण्याकडे. तो हात आवरा. ‘स्नॅपशॉट फेल्ड’ हे एकच वाक्य ॲरे निदान तीन वेगवेगळ्या प्रसंगी म्हणतो. रिपॉझिटरी (स्नॅपशॉटसाठी जुना डेटा ठेवायची जागा) भरली, रिपॉझिटरीखालची खरी डिस्क मेली, किंवा मूळ व्हॉल्यूमलाच (ज्याचा स्नॅपशॉट घेतला त्या चालू डेटाच्या जागेलाच) काहीतरी झालं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि पहिल्याचा उपाय तिसऱ्यावर केला तर असलेला डेटाही जातो.

मी स्टोरेज सांभाळतो, आणि असा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मूळ व्हॉल्यूमवर लिहिणं चालू आहे का? स्नॅपशॉटचं काय झालं हे मी नंतर विचारतो. समोरच्याला हे विचित्र वाटतं, कारण त्याने फोन स्नॅपशॉटसाठी केलेला असतो. पण मेलेला स्नॅपशॉट परत येत नाही. काही वाचवायचं असेल तर ते मूळ व्हॉल्यूम. (याला एक अपवाद आहे, रोलबॅकचा, म्हणजे स्नॅपशॉटवरून व्हॉल्यूम मागे नेण्याचा. त्याकडे पुढे येतो.)

स्नॅपशॉटमध्ये नेमकं असतं काय

बऱ्याच ॲरेंमधले आणि लिनक्सच्या एलव्हीएममधले (डिस्कांची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणाऱ्या सोयीतले) जुन्या पद्धतीचे स्नॅपशॉट ‘कॉपी ऑन राइट’ जातीचे असतात. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणी काहीच कॉपी होत नाही. नंतर मूळ व्हॉल्यूमच्या एखाद्या ब्लॉकवर कुणी लिहायला गेलं, की आधी तिथला जुना मजकूर रिपॉझिटरीत जातो आणि मग नवा लिहिला जातो. वहीत खाडाखोड करण्याआधी जुना आकडा शेजारच्या कागदावर उतरवून ठेवावा, तसं. स्नॅपशॉट वाचताना बदललेले ब्लॉक रिपॉझिटरीतून येतात, न बदललेले थेट मूळ व्हॉल्यूममधून.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि पुढचे सगळे निर्णय त्यांच्यावर उभे आहेत. एक, रिपॉझिटरीत संपूर्ण डेटा कधीच नसतो. ५०० जीबीच्या व्हॉल्यूमची १०० जीबी रिपॉझिटरी सुखरूप असली आणि मूळ व्हॉल्यूम गेला, तर हातात फक्त सुटे तुकडे उरतात. दोन, रिपॉझिटरी गेली तरी मूळ व्हॉल्यूम पूर्ण असतो, कारण नवं लिखाण तिथेच होत आलेलं असतं.

एकच ब्लॉक लिहिता आला नाही तर अख्खा स्नॅपशॉट बाद का करायचा, असा प्रश्न येतो. कारण तो ब्लॉक हरवल्यावर स्नॅपशॉट त्या क्षणाचं खरं चित्र राहत नाही, आणि कुठला भाग खोटा आहे हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. अर्धवट खरा स्नॅपशॉट कुणी रिस्टोअर केला तर काय होईल याचा विचार करा. ॲरे आणि एलव्हीएम दोघेही इथे कठोर वागतात. माझ्या मते बरोबरच करतात.

तुमची यंत्रणा झेडएफएस किंवा नेटॲपसारखी असेल, तर तिथे जुना ब्लॉक जागचा हलतच नाही, नवा दुसरीकडे लिहिला जातो. वेगळी रिपॉझिटरी नसते, त्यामुळे ‘फक्त स्नॅपशॉटची डिस्क गेली’ असा प्रसंगही नसतो. तिथे डिस्क गेली म्हणजे सगळ्या पूलचा प्रश्न. पुढचं सगळं कॉपी ऑन राइटबद्दल आहे.

हात लावण्याआधी बघून घ्या

कंट्रोलरचा (ॲरे चालवणाऱ्या भागाचा) इव्हेंट लॉग काढा आणि वेळेच्या क्रमाने वाचा. स्क्रीनवर सर्वात वर दिसते ती शेवटची घटना. तुम्हाला पहिली हवी आहे. ‘स्नॅपशॉट फेल्ड’च्या आधी ‘रिपॉझिटरीने इशाऱ्याची पातळी ओलांडली’ अशी ओळ असेल तर प्रकरण बहुतेक जागेचं आहे. ‘फिजिकल डिस्क फेल्ड’ किंवा ‘मीडिया एरर’ असेल तर डिस्कचं. कंट्रोलर बदलल्याच्या किंवा पाथ तुटल्याच्या ओळी असतील तर केबल आणि पोर्टांकडे आधी बघा. कंट्रोलरचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ जुळतं का, हेही तपासा. कित्येकदा दोघांत काही मिनिटांचा फरक असतो, आणि त्यावरून कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

सपोर्ट बंडल (ॲरेच्या सगळ्या लॉगची एकत्र फाइल) आत्ताच काढून ॲरेच्या बाहेर ठेवा. कंट्रोलरच्या लॉगमध्ये जागा मर्यादित असते, आणि रिबिल्ड (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणं) सुरू झाला की तो इतक्या ओळी ओकतो की मूळ घटना वाहून जाते.

लिनक्सवर एलव्हीएम असेल तर ‘एलव्हीएस’ चालवा. ॲट्रिब्यूटच्या रकान्यातलं पाचवं अक्षर मोठं ‘आय’ असेल तर स्नॅपशॉट अवैध झाला आहे. नववं अक्षर ‘पी’ असेल तर त्या व्हॉल्यूमचा एखादा भाग गायब डिस्कवर आहे. या दोन अक्षरांत फार मोठा फरक आहे. पहिलं म्हणतं की जागा संपली किंवा लिहिताना चूक आली, दुसरं म्हणतं की डिस्कच दिसत नाही. ‘डीएमसेटअप स्टेटस’ तीच गोष्ट कर्नलच्या तोंडून सांगतं: चालू स्नॅपशॉटपुढे वापरलेले आणि एकूण सेक्टर दिसतात, मेलेल्यापुढे ‘इनव्हॅलिड’ एवढाच शब्द.

विंडोजवर शॅडो कॉपी (विंडोजचे स्वतःचे स्नॅपशॉट) वापरत असाल तर सिस्टिम लॉगमध्ये ‘व्हॉलस्नॅप’ या नावाच्या नोंदी शोधा. क्रमांक २५ म्हणजे शॅडो कॉपीची जागा वेळेत वाढू शकली नाही म्हणून कॉप्या पुसल्या गेल्या. क्रमांक ३६ म्हणजे तुम्हीच घालून दिलेल्या मर्यादेमुळे ती वाढू शकली नाही. दोन्हींत डिस्क ठणठणीत असू शकते.

हे इतकं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. एका ठिकाणी रात्री डेटाबेसचं रीइंडेक्स चालू असताना रिपॉझिटरी भरली आणि सकाळी आलेल्या माणसाने लाल दिवा बघून रिपॉझिटरीच्या गटातली एक चांगली डिस्क बदलून टाकली. आता गट खरोखरच डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क कमी असलेला, झाला. त्यानंतरचा दिवसभराचा त्रास हा त्या बदलण्याचा होता. मूळ घटना जागा संपल्याची, म्हणजे स्नॅपशॉट पुसून पुन्हा घेतला की मिटणारी.

मूळ व्हॉल्यूम मोकळा करा

रिपॉझिटरी भरल्यावर काय करायचं, याचं धोरण काही ॲरेंमध्ये आधीच निवडून ठेवलेलं असतं. एलएसआयच्या कंट्रोलरवर चालणाऱ्या जुन्या ॲरेंमध्ये, म्हणजे डेलचा पॉवरव्हॉल्ट एमडी ३००० किंवा आयबीएमची डीएस ४००० मालिका, दोन पर्याय मिळतात: स्नॅपशॉट बाद करा, किंवा मूळ व्हॉल्यूमवरचं लिखाण थांबवा. दुसरा पर्याय ऐकायला सुरक्षित वाटतो आणि कुणीतरी काळजीपोटी तो निवडून ठेवतो. मग रिपॉझिटरी भरते त्या क्षणी चालू डेटाबेसला लिहिता येत नाही, फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होते, आणि एका बॅकअपच्या स्नॅपशॉटसाठी सगळं काम ठप्प होतं. उत्पादनातल्या व्हॉल्यूमवर हे धोरण मी कधीच ठेवत नाही.

तुमच्याकडे तसं झालं असेल तर पहिलं काम स्नॅपशॉट ‘डिसेबल’ करणं. डिसेबल केल्यावर कॉपी ऑन राइट थांबतं आणि मूळ व्हॉल्यूम सुटतो. आता लगेच डेटाबेस उठवू नका. आधी फाइलसिस्टिम अनमाउंट करून तपासा, मग डेटाबेसला त्याचा लॉग वाचून स्वतः सावरू द्या. मधेच लिखाण अडल्याची सवय डेटाबेसला असते, वीज गेल्यावरही तो हेच करतो. त्या वेळात उतावीळ होऊन त्याला पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नका.

जे लटकतंय ते सोडवा

स्नॅपशॉट माउंट करून त्यावरून बॅकअप चालू असेल तर तो जॉब मारा. तो आपणहून मरेल याची वाट बघू नका. काही बॅकअप सॉफ्टवेअर वाचता न आलेल्या फाइली वगळून पुढे जातं आणि शेवटी ‘इशाऱ्यांसह पूर्ण’ असं लिहितं. कॅटलॉगमध्ये ती प्रत हिरवी दिसते आणि काही महिन्यांनी कुणीतरी विश्वासाने तीच रिस्टोअर करतं. त्या प्रतीवर आत्ताच ‘अवैध’ अशी खूण करा.

मग माउंट काढा. अनमाउंट अडकलं तर ‘लेझी’ पर्याय वापरा, पण त्याआधी कोणती प्रक्रिया तिथे बसली आहे ते ‘एफयूजर’ने बघून तिला थांबवा. आणि एक बारीक गोष्ट: ‘एफएसटॅब’मध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीत) स्नॅपशॉटची ओळ असेल तर ती तात्पुरती बंद करा. सिस्टिमडी असलेल्या यंत्रावर ‘नोफेल’ (‘सापडला नाही तरी पुढे जा’) न लिहिलेला माउंट सापडला नाही तर सर्व्हर बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतो. नेमका आजच तुम्हाला रीबूट करावा लागण्याची शक्यता जास्त आहे.

रिबिल्डच्या आधी प्रत

प्रकरण फक्त जागेचं असेल तर हा भाग सोडून पुढे जा. डिस्क खरोखर मेली असेल तर थांबा.

स्पेअर डिस्क लावण्याआधी एक प्रश्न सोडवा: मूळ व्हॉल्यूम आणि रिपॉझिटरी एकाच डिस्क गटात आहेत का? वेगळ्या गटांत असतील तर घाई नाही, मूळ व्हॉल्यूमच्या डिस्क सगळ्या जागेवर आहेत. एकाच गटात असतील तर मूळ व्हॉल्यूमही आत्ता डिग्रेडेड आहे. गटाची मांडणी (रेड) रेड ५ असेल तर अजून एक डिस्क गेली की सगळं संपलं, रेड ६ असेल तर अजून एक जायला वाव आहे.

रिबिल्ड हे उरलेल्या डिस्कांसाठी सगळ्यात कष्टाचं काम असतं. उरलेल्या प्रत्येक डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचावा लागतो, वर्षानुवर्षं कुणी न वाचलेलासुद्धा. साध्या साटा डिस्कांवर उत्पादक जी न वाचता येणाऱ्या चुकीची मर्यादा छापतात ती बहुधा १०^१४ बिटांत एक अशी असते, म्हणजे १२.५ टीबी. ४ टीबीच्या ५ डिस्कांचा रेड ५ असेल तर रिबिल्डला १६ टीबी वाचावे लागतात. ही मर्यादा कागदावरची आहे, प्रत्यक्षात डिस्क सहसा त्याहून चांगल्या वागतात, आणि मोठ्या यंत्रणांच्या डिस्कांवर हा आकडा दसपट किंवा त्याहून बरा असतो. तरीही हा हिशेब एकदा मांडला की प्रत आधी का घ्यायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

प्रत कशी घ्यायची? स्नॅपशॉट तर गेला, आणि रोजचा बॅकअप त्याच्यावरच उभा होता. पण डेटाबेसला स्वतःचा मार्ग असतो. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी बेसबॅकअप’ला स्नॅपशॉट लागत नाही. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबीच्या टेबलांसाठी ‘मायएसक्यूएलडंप’ला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ पर्याय दिला की काम न थांबवता सुसंगत प्रत मिळते. साध्या फाइली असतील तर ‘आरसिंक’, आधी सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर. प्रत दुसऱ्या ॲरेवर किंवा दुसऱ्या यंत्रावर हवी. त्याच गटातल्या मोकळ्या जागेत घेतलेली प्रत म्हणजे स्वतःची समजूत घालणं.

हॉट स्पेअर (आधीच लावून ठेवलेली राखीव डिस्क) आपोआप कामाला लागला असेल तर रिबिल्ड आधीच सुरू झाला आहे. तो अडवू नका. बहुतेक कंट्रोलरमध्ये रिबिल्डचा अग्रक्रम बदलता येतो. प्रत निघेपर्यंत तो कमी करा, मग वाढवा.

डिस्क बदलताना

बदलायच्या डिस्कचा दिवा मॅनेजमेंट स्क्रीनवरून लुकलुकवा आणि सीरियल नंबर स्क्रीनवरच्या नंबराशी ताडून पाहा. स्लॉटची मोजणी काही पेट्यांमध्ये शून्यापासून होते, काहींमध्ये एकपासून. मोजण्यावर विसंबू नका.

साटा डिस्क असेल आणि स्मार्टचे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे) आकडे वाचता येत असतील तर क्रमांक ५, १९७ आणि १९८ बघा. हे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभाग खराब होतो आहे, तिला निरोप द्या. फक्त १९९ वाढत असेल तर ती डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या बोलण्यातली चूक आहे. केबल किंवा बॅकप्लेन (डिस्क ज्यात बसतात तो बोर्ड) बघा. नवी डिस्क त्याच स्लॉटमध्ये घातली तर तीही ‘मरेल’.

नवी डिस्क त्याच प्रकारची आणि निदान तितक्याच सेक्टरांची हवी. डब्यावर तीच क्षमता छापलेली असली तरी सेक्टर थोडे कमी असू शकतात आणि मग कंट्रोलर ती घेत नाही. ५१२ बाइटच्या गटात ४ केबी सेक्टरची डिस्क बहुतेक कंट्रोलर नाकारतात. बाकी घालणं-काढणं सोपं आहे, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

जुना स्नॅपशॉट टाकून द्या

गट पुन्हा धडधाकट झाला की मेलेला स्नॅपशॉट जिवंत होत नाही. रिबिल्डने रिपॉझिटरीचे ब्लॉक जरी परत आणले, तरी मधल्या वेळात मूळ व्हॉल्यूमवर झालेल्या लिखाणाचे जुने ब्लॉक कुणीच जपले नाहीत. म्हणून तो काढायचा आणि नवा घ्यायचा.

ॲरेवर दोन रस्ते आहेत. ‘री-क्रिएट’ किंवा तत्सम पर्याय असेल तर तीच रिपॉझिटरी आणि तेच नाव वापरून आत्ताच्या क्षणाचा नवा स्नॅपशॉट बनतो. होस्टशी (ॲरे वापरणाऱ्या सर्व्हरशी) असलेली जोडणी टिकते आणि बॅकअपच्या स्क्रिप्टला काही कळतही नाही. रिपॉझिटरी ठीक असेल तर हाच रस्ता. रिपॉझिटरीच गेली असेल तर स्नॅपशॉट डिलीट करून नवा घ्यावा लागतो, आणि मग त्याची ओळख, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएन, बदलते.

ही ओळख बदलणं होस्टवर त्रास देतं. जुन्या डिव्हाइसचे पाथ मल्टिपाथमध्ये (एकाच डिस्ककडे जाणाऱ्या अनेक वाटा सांभाळणाऱ्या सोयीत) ‘फॉल्टी’ होऊन पडून असतात. त्यांना न काढता नवा व्हॉल्यूम त्याच एलयूएन क्रमांकावर (ॲरे होस्टला व्हॉल्यूम ज्या क्रमांकाने दाखवतो त्यावर) दिला, तर होस्ट जुन्या नावाखाली नवी डिस्क बघू शकतो. क्रम असा ठेवा: आधी होस्टवर मल्टिपाथचा जुना मॅप काढा, मग त्याखालची एससीएसआय डिव्हाइस काढा, मग ॲरेवरची जोडणी काढा, आणि शेवटी नवी जोडणी देऊन रीस्कॅन करा. एलयूएन क्रमांक वेगळा दिलात तर आणखी निर्धास्त.

एलव्हीएममध्ये अवैध झालेला स्नॅपशॉट ‘एलव्हीरिमूव्ह’ने जातो आणि मूळ व्हॉल्यूमला धक्का लागत नाही. गुंता होतो तो डिस्क गायब असते तेव्हा. तेव्हा सुचवला जाणारा मंत्र म्हणजे ‘व्हीजीरिड्यूस’ आणि त्याचा ‘रिमूव्ह-मिसिंग’ पर्याय. गायब डिस्कवर एखाद्या व्हॉल्यूमचा भाग असेल तर नुसता हा पर्याय नकार देतो आणि ‘फोर्स’ लावायला सांगतो. इथे थांबा. ‘फोर्स’ लावला की गायब डिस्कवर ज्यांचा थोडासा जरी भाग आहे असे सगळे व्हॉल्यूम तो उडवतो, मूळ व्हॉल्यूमसुद्धा. आधी ‘एलव्हीएस’ला डिव्हाइसेसचा रकाना दाखवायला सांगा आणि मूळ व्हॉल्यूमचा एकही तुकडा त्या डिस्कवर नाही याची खात्री करा. मग तीच आज्ञा ‘टेस्ट’ पर्यायासह चालवा आणि ती काय काय काढणार आहे ते वाचा. स्नॅपशॉट सोडून दुसरं एकही नाव दिसलं तर पुढे जाऊ नका.

डिस्क फक्त केबल सैल झाल्याने गायब झाली होती आणि आता परत दिसते आहे, असं असेल तर हे काहीच करायचं नाही. ‘व्हीजीएक्स्टेंड’ला ‘रिस्टोअर-मिसिंग’ हा पर्याय आहे, त्याने ती पुन्हा गटात येते. आणि काहीही करण्याआधी ‘व्हीजीसीएफजीबॅकअप’ चालवून मेटाडेटाची प्रत दुसऱ्या यंत्रावर नेऊन ठेवा. एलव्हीएम स्वतःही ईटीसीखालच्या एलव्हीएम डिरेक्टरीत ‘आर्काइव्ह’मध्ये जुन्या प्रती ठेवतो, पण तीच रूट डिस्क उद्या जाणार नाही कशावरून?

अपवाद: रोलबॅक चालू असताना

वर म्हटलं की स्नॅपशॉट वाचवत बसू नका. स्नॅपशॉटवरून मूळ व्हॉल्यूम मागे नेण्याचं काम चालू असताना डिस्क गेली, तर मात्र गणित उलटतं. त्या वेळी जुने ब्लॉक फक्त रिपॉझिटरीत आहेत आणि मूळ व्हॉल्यूम अर्धा जुना, अर्धा नवा झालेला आहे. एलव्हीएममध्ये मूळ व्हॉल्यूमचं पहिलं अक्षर मोठं ‘ओ’ झालेलं असेल तर मर्ज, म्हणजे एलव्हीएमचा रोलबॅक, चालू आहे. पाचव्या जागी छोटं ‘एम’ आलं तर मर्ज फसला आहे.

इथे सगळं जागच्या जागी थांबवा. फाइलसिस्टिम अनमाउंट करा, फाइलसिस्टिमची दुरुस्ती मुळीच चालवू नका. ती अर्ध्या-अर्ध्या चित्राला ‘सुसंगत’ करण्याच्या नादात वाचण्यासारखं होतं तेही खोडते. मेलेल्या डिस्कवरून ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि मॅप फाइल नक्की द्या. मॅप फाइल असली की काम मधे तुटलं तरी तिथूनच पुढे जाता येतं आणि वाचता न आलेल्या भागांवर नंतर पुन्हा प्रयत्न करता येतो. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. मूळ व्हॉल्यूमचीही तशीच प्रत काढा.

आणि त्याच वेळी, समांतर, शेवटच्या चांगल्या बॅकअपवरून वेगळ्या जागी रिस्टोअर सुरू करा. डीडीरेस्क्यू यशस्वी झाला तर उत्तम, पण मी त्याच्यावर भिस्त ठेवून कुणाला वेळ देत नाही.

नवा घेण्याआधी: किती जागा, कुठे

बऱ्याच ठिकाणी विझार्ड मूळ व्हॉल्यूमच्या २० टक्के जागा सुचवतो आणि आपण ‘पुढे’ दाबतो. हा आकडा तुमच्या कामाबद्दल काहीच जाणत नाही. लागणारी जागा व्हॉल्यूमच्या आकारावर ठरत नाही, ती ठरते स्नॅपशॉट किती वेळ ठेवणार आणि तेवढ्यात किती वेगवेगळे ब्लॉक पहिल्यांदा बदलणार यावर. एकाच ब्लॉकवर हजार वेळा लिहिलं तरी कॉपी एकदाच होते. म्हणून ‘आयओस्टॅट’मधला लिखाणाचा आकडा इथे फसवतो. एखाद्या नेहमीच्या कामाच्या दिवशी ऐसपैस रिपॉझिटरीचा स्नॅपशॉट घ्या आणि दर तासाला किती टक्के भरला ते लिहून ठेवा. समजा तासाला ६ जीबी भरतात आणि बॅकअपला ४ तास लागतात, तर २४ जीबी झाले. मी दुप्पट धरतो, म्हणजे साधारण ५० जीबी.

चंकचा, म्हणजे एका वेळी कॉपी होणाऱ्या तुकड्याचा, आकारही बघा. एलव्हीएममध्ये तो ४ केबीपासून ५१२ केबीपर्यंत ठेवता येतो. ६४ केबीचा चंक असेल तर ४ केबीच्या लिखाणासाठीही ६४ केबी कॉपी होतात. इकडे तिकडे छोटं छोटं लिहिणाऱ्या डेटाबेसला मोठा चंक रिपॉझिटरी झपाट्याने भरवतो.

आणि स्नॅपशॉट जिवंत असताना काही कामं करूच नका: डीफ्रॅगमेंट, रीइंडेक्स, पूर्ण व्हॅक्यूम, मोठा डेटा आयात. ही कामं व्हॉल्यूमचा मोठा भाग एका दमात नव्याने लिहितात. स्नॅपशॉटचं आणि या कामांचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. वर सांगितलेल्या ठिकाणी नेमका हाच घोळ होता.

एलव्हीएममध्ये आपोआप जागा वाढवण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते: थ्रेशोल्ड १०० म्हणजे ‘कधीच नाही’. तो ७० करा, वाढ २० टक्के ठेवा, आणि ‘डीएमइव्हेंटडी’ (यावर लक्ष ठेवणारी सेवा) चालू आहे का ते बघा. तो नसेल तर आकडे कितीही छान लिहा, काही होत नाही. व्हॉल्यूम गटात मोकळी जागाही ठेवायला हवी, नाहीतर वाढणार कुठे?

रिपॉझिटरी मूळ व्हॉल्यूमपेक्षा वेगळ्या डिस्क गटात ठेवा. ‘स्नॅपशॉटच तर आहे’ म्हणून काही जण ती रेड ० वर किंवा एकट्या डिस्कवर ठेवतात. दुसरे, जागा वाचते म्हणून, रेड ५ वर. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्यात एक डिस्क गेली की मधोमध चाललेला बॅकअप गेला. दुसऱ्यात वेग मार खातो: रेड ५ वर प्रत्येक छोट्या लिखाणाला ४ आयओ (डिस्कवरच्या वाचन-लिखाणाच्या फेऱ्या) लागतात, रेड ६ वर ६, रेड १० वर २. आणि कॉपी ऑन राइटमध्ये मूळ व्हॉल्यूमवरचं लिखाण रिपॉझिटरीची कॉपी पूर्ण होईपर्यंत थांबतं. म्हणजे रिपॉझिटरीचा संथपणा थेट डेटाबेसच्या वापरकर्त्याला जाणवतो. रेड १ किंवा १० घ्या.

नवा घ्या आणि उघडून बघा

एलव्हीएम स्नॅपशॉट घेताना वरची फाइलसिस्टिम स्वतः क्षणभर गोठवतो. ॲरेला मात्र होस्टवर काय चाललंय याचा पत्ता नसतो. तिथे ‘एफएसफ्रीझ’ने गोठवा, स्नॅपशॉट घ्या, लगेच सोडा. रूट फाइलसिस्टिम अशी गोठवायची नाही, यंत्रच अडकून बसेल. डेटाबेसचा डेटा एका व्हॉल्यूमवर आणि लॉग दुसऱ्यावर असेल तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा हवा. ॲरेमध्ये कन्सिस्टन्सी ग्रुपची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर डेटाबेसला बॅकअप मोडमध्ये टाका.

मग तो माउंट करा, रीड-ओन्ली. फाइलसिस्टिम एक्सएफएस असेल आणि मूळ व्हॉल्यूम त्याच यंत्रावर माउंट असेल तर ‘नोयूयूआयडी’ द्यावं लागतं, नाहीतर तीच ओळख दोनदा बघून तो नकार देतो आणि माणूस उगाच घाबरतो. डिव्हाइसच रीड-ओन्ली असेल आणि जर्नल (फाइलसिस्टिमची अपुऱ्या लिखाणाची नोंद) चालवता येत नसेल तर ‘नोरिकव्हरी’ही, ईएक्सटी ४ ला ‘नोलोड’. मात्र जर्नल न चालवता दिसणाऱ्या फाइलसिस्टिममध्ये थोडंफार विसंगत दिसू शकतं, त्यामुळे नुसतं ‘एलएस’ करून खूश होऊ नका. डेटाबेस असेल तर लिहिता येणारा स्नॅपशॉट घेऊन तो दुसऱ्या पोर्टवर उठवा आणि एक मोठं टेबल वाचून बघा.

हे झालं की बॅकअपचं वेळापत्रक पुन्हा चालू करा, ‘एफएसटॅब’ची ओळ ‘नोफेल’ लावून परत घाला, आणि पहिल्या बॅकअपच्या वेळी रिपॉझिटरी किती टक्क्यांपर्यंत चढते तो आकडा लिहून ठेवा. इशाऱ्याची पातळी त्या आकड्याच्या थोडी वर लावा, म्हणजे पुढच्या वेळी मेल स्नॅपशॉट मरण्याच्या आधी येईल.